लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एडिटिंगचा बोर्ड आणि ९६ जीबी रॅम : आठ महिन्यांनंतर

बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, एमएसआयचा, मॅग बी७६० टोमाहॉक वायफाय, डीडीआर५ वाला (डीडीआर४ च्या पुढची रॅम). रॅम क्रुशियल प्रो, ४८ जीबीच्या दोन स्टिक म्हणजे ९६, स्पीड ५६००. प्रोसेसर इंटेल आय७-१४७००. मे २०२५ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून घेतलं आणि तेव्हापासून ऑगस्टमधले आगमन सोहळे, अख्खा गणेशोत्सव आणि तुळशीचं लग्न लागल्यापासूनची सगळी लग्नं याच मशीनवर काढली, म्हणून आता लिहायला बसलोय. घेतल्याच्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो. बोर्ड आणि रॅम चांगली असेल तर ती मशीनमध्ये आहे हे वर्षभर आठवतसुद्धा नाही, आणि गडबड असेल तर ज्या रात्री फाईल द्यायची असते नेमकी त्याच रात्री दगा देते.

मी लालबागला राहतो, घरातल्याच एका खोलीत एडिटिंग करतो. लग्नाच्या फिल्म, साखरपुडे, बारशी, आणि श्रावण लागला की तीन-चार मंडळांचं गणपतीचं काम. आगमनाचं काम सगळ्यात घाईचं. परळच्या कारखान्यातून मूर्ती संध्याकाळी निघते, मंडपात पोचेपर्यंत रात्र होते, आणि मंडळाच्या पोरांना व्हिडिओ सकाळी सगळे उठायच्या आत टाकायचा असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकला तर कोणी बघत नाही, तोपर्यंत शंभर जणांचे मोबाईलवरचे व्हिडिओ फिरलेले असतात. म्हणजे हातात मिळतात चार-पाच तास, त्यात चार कॅमेऱ्यांची कार्डं उतरवायची, सिंक करायचं, ढोल-ताशाचा आवाज सावरायचा, नावाची पाटी फिरवायची आणि एक्सपोर्ट.

ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच एका रात्री माझं आधीचं मशीन तीन वेळा बंद पडलं. ते मशीन रायझनचं, १६-१६ च्या दोन स्टिक, स्पीड ६०००, दीड वर्ष एकदम गुळगुळीत चाललं होतं. ३२ जीबी कमी पडायला लागली म्हणून गणपतीच्या आधी अजून दोन स्टिक घेतल्या, त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या, दुकानदार म्हणाला सेम टू सेम आहे, डोळे झाकून टाका. टाकल्या. पहिल्यांदा तर स्क्रीनच येईना, पंखे फिरतायत आणि समोर काळं. दहा-बारा मिनिटांनी आलं तेव्हा मी निश्चिंत झालो की चला, घेतलं एकदाचं. दोन दिवस छोट्या कामांना काही झालं नाही. आणि त्या रात्री, मंडळाची तीन पोरं माझ्या पलंगावर बसलेली, वेळ पावणेतीन, एक्सपोर्ट ६० टक्क्यांच्या पुढे गेला आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. परत लावलं, परत तेच. तिसऱ्यांदा प्रोजेक्ट फाईलच उघडेना, ऑटोसेव्हवरून काढावी लागली. शेवटी नव्या दोन्ही स्टिक काढल्या, जुन्या दोनवर मशीन सुरू केलं, टाइमलाइनचे तुकडे करून एकेक तुकडा एक्सपोर्ट केला आणि साडेसहाला फाईल दिली. पोरं काही बोलली नाहीत, पण पुढच्या वर्षी ते काम माझ्याकडे येईल का नाही ही धाकधूक महिनाभर होती.

नंतर शांत डोक्याने बसून वाचलं तेव्हा कळलं की यात ना स्टिक खराब होत्या ना बोर्ड. एएमडीने रायझन ७००० साठी स्वतःच लिहून ठेवलंय की दोन स्टिक असतील तर ५२००, आणि चारही स्लॉट भरले तर ३६००. म्हणजे मी ६००० वर चालवत होतो तेच मुळात ओव्हरक्लॉक होतं, ठरलेल्यापेक्षा ताणून चालवलेलं, दोनवर ते सहज निभत होतं, चारवर प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला ते झेपेना. इंटेलमध्ये पण चार स्टिक टाकल्या की स्पीड खाली येतो. डीडीआर४ च्या काळात आपल्याला सवय होती, आत्ता दोन घे, पैसे आले की अजून दोन टाक, आणि ते बऱ्यापैकी चालून जायचं. डीडीआर५ मध्ये तसं होत नाही. एडिटिंगचं मशीन बनवणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो की रॅमचा आकडा पहिल्याच दिवशी ठरवा, एका पाकिटातल्या दोन स्टिकमध्ये तो बसवा, आणि उरलेले दोन स्लॉट रिकामेच राहणार असं धरून चाला. नंतर वाढवायची झालीच तर जुन्या दोन विकून मोठ्या दोन घ्या. (ते आधीचं मशीन आज माझ्या असिस्टंटकडे दोन स्टिकवर चालतंय, एकदाही बंद पडलेलं नाही.)

मग आकडा कसा ठरवायचा. अडोबी स्वतः प्रीमियरसाठी एचडीला १६ आणि फोरकेला ३२ किंवा जास्त सांगतं, आणि नुसतं कट मारून गाणं लावून द्यायचं असेल तर ३२ खरंच पुरतात, उगाच कोणाच्या सांगण्यावरून खर्च करू नका. खाऊन टाकतं ते आफ्टर इफेक्ट्स. त्याचं प्रीव्ह्यू जे असतं ते प्रत्येक फ्रेम उलगडून रॅममध्ये ठेवतं. हिशोब करून बघा, फोरकेची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, त्यात चार चॅनल, १६ बिटमध्ये काम करत असाल तर प्रत्येकाला २ बाईट, झाले साधारण ६६ एमबी. एका फ्रेमचे ६६ एमबी! २५ फ्रेमचं एक सेकंद म्हणजे १.६६ जीबी. ३२ जीबीच्या मशीनमध्ये विंडोज, प्रीमियर, क्रोम जाऊन आफ्टर इफेक्ट्सला २० मिळाले तर बारा सेकंदांचा प्रीव्ह्यू, त्याच्यापुढे ते मागचं पुसत पुढे जातं आणि तुम्ही स्पेसबार दाबून वाट बघत बसता. ९६ मध्ये त्याला ७५ दिले तर पाऊण मिनिट मिळतं. माझ्या लग्नाच्या ओपनिंग टायटल ३० ते ४० सेकंदांच्या असतात, आता त्या अख्ख्या एका दमात बघता येतात, आणि अख्ख्या बघता आल्या की हात वेगळा चालतो, क्लायंट शेजारी बसला असेल तर त्याच्यासमोर तिथल्या तिथे बदल करून दाखवता येतो. मला ९६ चे पैसे इथे वसूल झाले. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मेमरीत जाऊन दुसऱ्या ॲप्लिकेशनसाठी किती रॅम राखून ठेवायची तो आकडा पण एकदा बघून घ्या, तो आकडा जास्त असेल तर तुम्ही कितीही रॅम टाका, प्रीमियर तिला हातच लावणार नाही.

४८ ची स्टिक हा प्रकार बऱ्याच जणांना अजून माहीतच नाही, दुकानात मागितली तर काउंटरवरचा मुलगा पण म्हणाला ४८ असं काही नसतं, ३२ नाहीतर ६४. असतं. डीडीआर५ मध्ये २०२३ पासून २४ आणि ४८ च्या स्टिक मिळतात. दोन स्लॉटमध्ये ४८ किंवा ९६ असे पर्याय त्यामुळेच मिळतात. फक्त बोर्डचा बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, नवा हवा आणि कंपनीच्या साइटवर त्या बोर्डच्या मेमरी लिस्टमध्ये ती स्टिक आहे का ते घरूनच बघून निघा.

स्पीडचं मात्र डोक्यावरून उतरवा. ६४००, ७२०० चे आकडे, त्यावरचे रंगीत दिवे, यासाठी जे जास्तीचे पैसे जातात त्यातून एडिटिंगला जवळपास काही मिळत नाही, तेच पैसे जीबी वाढवायला घाला. माझ्या स्टिक ५६०० च्या, सीएल ४६, १.१ व्होल्ट, म्हणजे डीडीआर५ च्या स्टँडर्डमधलाच स्पीड, आणि १४७०० पण ५६०० लाच सपोर्ट सांगतो. बायोसमध्ये काही ताणायची गरज नाही. दिसायला साध्या काळ्या पट्ट्या, एक दिवा नाही. आठ महिन्यांत एकही निळी स्क्रीन नाही. अजून एक, दुकानात सांगतात की डीडीआर५ मध्ये ईसीसी, म्हणजे मेमरीतली चूक आपोआप दुरुस्त करणारी सोय, असतंच, काळजी नको. ते ऑन-डाय ईसीसी असतं, चिपच्या आतल्या आत झालेली चूक तेवढी दुरुस्त करतं, स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यात काही बिघडलं तर त्याला पत्ता नसतो. सर्व्हरवाली ईसीसी वेगळी.

आता बोर्ड. बोर्ड निवडायच्या आधी तुमच्या कॅमेऱ्यातून काय येतं ते बघा, हे कोणी सांगत नाही. माझ्याकडे येणारं निम्म्याच्या वर फुटेज सोनीच्या ए७ फोर आणि एफएक्स३ वरचं, ४:२:२ १०-बिट, म्हणजे रंगाची माहिती जास्त असलेलं. हे फुटेज एनव्हिडियाची ३० आणि ४० सिरीजची कार्डं हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाहीत, ५० सिरीजपासून ते आलं. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सलाही जमत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जे आतलं ग्राफिक्स असतं, क्विक सिंकवालं (व्हिडिओ उलगडायचं त्यातलं हार्डवेअर), त्याला एचईव्हीसीचं, म्हणजे एच.२६५ चं, ४:२:२ १०-बिट जमतं. माझ्याकडे आरटीएक्स ३०६० होतं, ते बदलायचं नव्हतं, म्हणून प्रोसेसर इंटेल घेतला, त्यामुळे बोर्ड इंटेलचा आला. शूट करणाऱ्या पोरांना सांगून ठेवलंय की सोनीच्या एचईव्हीसीवाल्या एक्सएव्हीसी एचएस मोडला शूट करा, कारण एच.२६४ मधल्या ४:२:२ ला १४व्या जनरेशनचा पण उपयोग होत नाही. आणि प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी एफ नको! १४७००एफ थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतो, गेमिंगवाल्यांना तो ठीक आहे, आपल्याला नाही, कारण एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजे ज्याच्यासाठी इंटेल घेतला तेच गेलं.

यातली एक गोम बोर्डमध्येच आहे. ग्राफिक कार्ड लावलं की बरेच बोर्ड प्रोसेसरचं आतलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. या एमएसआयच्या बायोसमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या खाली आयजीडी मल्टी-मॉनिटर म्हणून एक ओळ आहे, ती एनेबल करायची. केल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दोन जीपीयू दिसायला लागतात. माझ्या ओळखीच्या एकाने सहा महिने क्विक सिंकवाला प्रोसेसर घेऊन प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवत काढले, त्याला कोणी ही ओळ सांगितलीच नव्हती, मी त्याच्या घरी जाऊन दोन मिनिटांत चालू केली तेव्हा त्याची चार कॅमेऱ्यांची मल्टिकॅम टाइमलाइन प्रॉक्सीशिवाय सरळ धावली, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

दुसरी गोष्ट वीज. १४७०० च्या बॉक्सवर ६५ वॉट लिहिलेलं असतं आणि तेवढ्यावर विसंबून लोक त्याला एच६१० चा स्वस्तातला बोर्ड लावतात. पण तो ६५ म्हणजे बेस, जोर लावतो तेव्हा त्याची मर्यादा २१९ वॉटपर्यंत आहे. गेम खेळताना तेवढा जोर फार वेळ लागत नाही, पण तास-दीड तास एक्सपोर्ट चालू असताना लागतो. प्रोसेसरच्या बाजूला जे व्हीआरएम असतात, वीज बारीक करून देणारे, त्यांच्यावर जाड हीटसिंक नसेल तर ते तापतात आणि बोर्ड प्रोसेसरचा गळा आवळतो, एक्सपोर्ट पहिली वीस मिनिटं पळतो आणि मग रांगायला लागतो. त्यात आपली मुंबई, मे महिन्यात बाहेर घाम सुकत नाही तर कॅबिनेटमध्ये काय होणार. टोमाहॉकवर व्हीआरएमच्या दोन्ही बाजूंना हाताला जड लागतील असे हीटसिंक आहेत, दीड तासाचा लग्नाचा पूर्ण व्हिडिओ एक्सपोर्ट करून सुद्धा स्पीड सुरुवातीला होता तोच शेवटी होता, एसी बंद करून पण बघितलं. एच६१० ला मेमरीचे स्लॉट पण दोनच असतात, पण मी वर म्हटलं तसं दोनच वापरायचे असल्याने ते मला कमीपणाचं वाटत नाही. अडचण तापण्याची आहे.

एम.टू चे, म्हणजे बोर्डवरच बसणाऱ्या एसएसडीचे, स्लॉट तीन हवेत, दोनवर भागवू नका. माझ्याकडे एकावर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाईली), तिसऱ्यावर चालू कामाचं फुटेज, जुनी कामं साटाच्या हार्ड डिस्कवर. कॅश आणि फुटेज वेगवेगळ्या ड्राइव्हवर असलं की कार्ड उतरवताना सुद्धा टाइमलाइन अडखळत नाही, आगमनाच्या रात्री एकीकडे तिसऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड कॉपी होतंय आणि दुसरीकडे मी पहिल्याचं कटिंग करतोय हे फक्त त्यामुळे जमतं. मागे टाइप-सी चा एक २० जीबीपीएसचा पोर्ट आहे, त्याला कार्ड रीडर नाहीतर बाहेरचा एसएसडी. नेटवर्क २.५ जी, माझ्या एकट्याच्या कामाला भरपूर झालं. पण तुमच्याकडे चार-पाच जण एकाच स्टोरेजवर बसून काम करत असतील, थंडरबोल्ट लागत असेल, तर हा बोर्ड तुमचा नाही, तुम्ही असूसचा प्रोआर्ट झेड७९० क्रिएटर वायफाय बघा, त्यात १० जी नेटवर्क, दोन थंडरबोल्ट ४ आणि चार एम.टू आहेत, पैसे अर्थात त्या हिशोबाने. टोमाहॉकला साटाचे पोर्ट चारच, ती बी७६० चिपसेटचीच मर्यादा, डिस्कांची थप्पी असणाऱ्यांनी हे धरून चालावं.

खरेदीबद्दल सांगतो. ग्रँट रोडला उतरून पूर्वेला आलं की लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगितलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघेल. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. सकाळी अकरा-साडेअकराला पोचा, काउंटर रिकामे असतात, माणसं नीट बोलतात. पहिल्या दुकानात मला जो बोर्ड दाखवला त्याच्या खोक्याचं सील आधीच कापलेलं होतं, म्हटलं दादा हे उघडलेलं आहे, तर म्हणे साहेब चेक करून ठेवलाय, तुमच्याच सोयीसाठी. मी सॉकेटवरचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवरचं, काळं प्लॅस्टिकचं झाकण काढायला लावलं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला, आणि खालच्या कोपऱ्यात दोन पिना बाकीच्या ओळीतून बाहेर चमकल्या. १७०० पिना असतात त्या सॉकेटमध्ये, केसापेक्षा थोड्या जाड, आपापल्या ओळीत सगळ्या सारख्याच झुकलेल्या, भाताच्या शेतातून वारा गेल्यासारख्या. एक जरी वेगळी झुकली तरी उजेड तिच्यावर वेगळा पडतो आणि ती दिसते. टॉर्च सरळ वरून धरला तर काही कळत नाही, तिरकाच धरायचा. वाकलेल्या पिनेला कंपनी वॉरंटी देत नाही, तुम्हीच वाकवली म्हणतात, आणि तिथे तुमच्याकडे काही पुरावा नसतो. आणि लक्षात घ्या, यातली एखादी पिन मेमरीच्या चॅनलची असली तर मशीन सुरू होतं, चालतं, फक्त एका बाजूची रॅम दिसत नाही, आणि माणूस रॅम बदलत बसतो.

मी काही न बोलता बाहेर पडलो आणि पुढच्या गल्लीतल्या ओळखीच्या दुकानात गेलो. तिथे सील माझ्यासमोर कापलं, पिना मला बघू दिल्या, प्रोसेसर बसवताना परत झाकण काढलं ते माझ्या हातात दिलं. खोक्यावर डीडीआर४ लिहिलंय का ते पण त्यांनीच मला दाखवलं, कारण टोमाहॉक बी७६० दोन्ही प्रकारात येतो, नाव तेच, खोकं जवळपास तेच, आणि ऑनलाइन मागवणारे इथेच फसतात. दोन्ही स्टिकना पिना २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी, जबरदस्तीने दाबलं तर स्लॉट जाईल, स्टिक बसणार नाही. १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर बोर्डचा आणि दोन्ही स्टिकचा सीरियल नंबर लिहून घेतला. कच्च्या बिलावर थोडे पैसे सोडतो म्हणणारे पुष्कळ भेटतात, घेऊ नका, वॉरंटीला ते बिल चालत नाही.

दुकानातच बायोस अपडेट करून घेतला, हे १३व्या-१४व्या जनरेशनला सोडूच नका. या प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजचा घोळ होता, वापरता वापरता कायमचे अस्थिर व्हायचे, इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) काढले आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवून पाच केली, १४७०० त्या यादीत आहे. तो मायक्रोकोड बायोसमधूनच येतो. दुकानातल्या कपाटात बरेच दिवस पडून असलेल्या बोर्डात तो नसूही शकतो, म्हणून पहिला एक्सपोर्ट लावायच्या आधी अपडेट. १२व्या जनरेशनला हा त्रास नाही.

स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बोर्डवर बारीक अक्षरात ए२ बी२ लिहिलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्यात शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, जातात. घरी पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, त्यातला डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा लागला आणि तसाच राहिला. मागच्या वर्षीची रात्र आठवली, पोटात गोळा आला. पण हे मेमरी ट्रेनिंग असतं, बोर्ड नव्या स्टिकशी जुळवून घेत असतो, ९६ जीबीला वेळ लागतो, मध्येच बटण दाबून बंद करायचं नाही. मी चहा टाकला, परत आलो तेव्हा स्क्रीन आलेली होती. त्यानंतर रोज सुरू व्हायला नेहमीचाच वेळ लागतो. रात्री अकराला पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं, सकाळी उठलो तेव्हा चालूच होतं, पूर्ण झालं तेव्हा चूक शून्य. एडिटिंगच्या मशीनला ही एक रात्र द्याच, कामाच्या रात्री कळण्यापेक्षा रिकाम्या रात्री कळलेलं बरं. आणि आपल्याकडे सवय असते की स्क्रीन आली नाही की रॅम काढ, खोडरबर मार, परत लाव. दमट हवेत ते कधीकधी कामाला येतं, पण डीडीआर५ ला आधी दहा-पंधरा मिनिटं थांबून बघा.

ऑगस्ट २०२५ चं आगमन याच्यावर केलं. त्याच मंडळाचं. पावणेदोनला कटिंग संपलं, तीनच्या आत फाईल त्यांच्या ग्रुपवर होती, प्रीव्ह्यू बघताना पोरांनी पलंगावर बसूनच आरोळी दिली, शेजारच्या काकूंनी भिंतीवर टकटक केली.

आत्ता घेणाऱ्यांसाठी भावाचं सांगायला हवं, आणि ते वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून २०२५ च्या दिवाळीच्या आसपास रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले, क्रुशियल बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल नावाने तुम्हा-आम्हाला विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी मेमध्ये दिलेला भाव लिहिला तर तो वाचून तुम्ही दुकानात भांडाल, म्हणून लिहीत नाही, सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही अशी स्थिती आहे. आज माझ्यावर वेळ आली असती तर मी ९६ चा हट्ट सोडून ३२-३२ च्या दोन घेतल्या असत्या आणि ग्राफिक्सचं काम १६ ऐवजी ८ बिटच्या प्रीव्ह्यूवर केलं असतं, फ्रेम निम्मी होते, फायनल एक्सपोर्टला परत १६ करायचं. १६ ची एकच स्टिक घेऊन नंतर बघू असं करू नका. ज्यांच्याकडे जुन्या डीडीआर४ च्या चांगल्या दोन स्टिक पडल्यात त्यांनी तर आत्ता बी७६० चा डीडीआर४ बोर्डच घ्यावा, १२व्या-१३व्या-१४व्या जनरेशनला दोन्ही मेमरी चालतात, आणि कटिंगच्या कामात डीडीआर४-डीडीआर५ चा फरक तुम्हाला जाणवणार नाही, रॅमचे वाचलेले पैसे तिसऱ्या एम.टू ला घाला.

हा सॉकेट पुढे चालणार नाही हे पण माहीत असू द्या, ऑक्टोबर २०२४ पासून इंटेल एलजीए १८५१ वर गेलं, म्हणजे या बोर्डवर पुढचा प्रोसेसर येणार नाही. ज्यांच्याकडे ५० सिरीजचं कार्ड आहे किंवा ज्यांचं फुटेज ४:२:० च (रंगाची माहिती कमी असलेलं) असतं त्यांना क्विक सिंकची गरज नाही, त्यांनी एएमडीच्या एएम५ सॉकेटचा बी६५० बोर्ड बघावा, एएमडीने तो सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवू असं सांगितलंय, फक्त तिथे डीडीआर५ शिवाय पर्याय नाही आणि दोन स्टिकचा नियम तिथे जास्त कडक पाळा.

सॉकेटचं ते काळं झाकण फेकू नका. बोर्ड कधी सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली तर ते लावूनच द्यावा लागतो, आणि देण्याआधी पिनांचा तिरक्या टॉर्चमध्ये स्पष्ट फोटो काढून ठेवा. माझं झाकण बोर्डच्या खोक्यात बिलासोबत सेलोटेपने चिकटवलेलं आहे, खोकं माळ्यावर.